अक्काच्या घरची लाईट

आमच्या धाकट्या सुनेला जुळे झाले, त्या वर्षीची गोष्ट. पौष चालू होता. घरात बाळंतिणीची धुरी, दोन पाळणे आणि दोघांची आळीपाळीची रड, म्हणून मी दुपारचा अक्काच्या घरी जाऊन बसत असे. घर बंदच होतं, पण किल्ली माझ्याकडे होती. त्या दुपारी मी ओट्यावर पाय सोडून लाईटचं बिल वाचत होतो आणि अक्का तिकडून, चिंचवडहून, फोनवर ऐकत होती.

"वरनं वाच," ती म्हणाली.

"वरनंच वाचतोय. ग्राहक क्रमांक, शून्य..."

"आकडं नकोत. नाव वाच."

"नाव तुला ठाव न्हाय व्हय?"

"मला ठाव हाय. तुला वाचता येतंय का ते बघती."

मला अक्षरं उशिरा आली. पन्नाशी उलटल्यावर, मारुतीच्या देवळात साक्षरतेचा वर्ग भरायचा, तिथं. अजूनही बोट ठेवल्याशिवाय ओळ धरता येत नाही. मी बोट ठेवलं आणि वाचलं, "भानुदास रामचंद्र कासार."

तिकडून नुसता श्वास ऐकू येत होता, भात्यासारखा.

"ऐकलंस का अक्का?"

"ऐकलं. आणिक एकदा वाच. मधलं गिळलंस."

"तूच म्हण की एकदा. दाजींना जाऊन आता बारा-पंधरा वर्षं झाली. आता कोण रागावतंय?"

"थोबाडीत हाणीन. वाच."

मी पुन्हा वाचलं. दर महिन्याला हे असंच चालायचं. भानुदास दाजींचं नाव तिनं उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. रेशनकार्डावरून ते कमी झालं, दुकानाच्या पाटीवरचं पावसानं धुऊन गेलं. लाईटच्या बिलावर मात्र ते महिन्याच्या महिन्याला छापून येत होतं, कारण मीटर कधी कुणी बदलून घेतलंच नव्हतं. अक्काला स्वतःला वाचता येत नव्हतं. मग माझ्या तोंडून ऐकायचं.

सुंद्राअक्का माझी थोरली बहीण. आम्ही बार्शीचे कासार. तिचं सासरही गावातच, भगवंताच्या देवळामागच्या बोळात. दाजी गेल्यावर तिनं बांगड्यांचं दुकान एकटीनं चालवलं. अर्ध्या गावाच्या पोरींचे हात तिच्या हाताखालून गेले. हात इतका मऊ, की तंग बांगडी चढवली तरी पोरीला कळायचं नाही. स्वतःचे हात मात्र मोकळे. शेवटी शेवटी चुलीच्या धुरानं म्हणा की आणखी कशानं, तिची छाती भरून आली. मुलगा वसंता चिंचवडला कंपनीत होता, तो तिला घेऊन गेला. तिथं नाकाला नळी लागली. हवेतून प्राणवायू ओढून देणारं एक मशीन घरात आलं, ते रात्रंदिवस चालायचं. औषधपाण्यापायी वसंताचा जीव मेटाकुटीला आला आणि त्यानं बार्शीचं घर विकायला काढलं.

घर विकेपर्यंत त्याचं लाईटचं आणि पाण्याचं बिल भरायचं, आठवड्यातून एकदा नळ सोडायचा म्हणजे पाइप गंजत नाही, आणि कुणी गिऱ्हाईक आलं तर दिवे लावून घर दाखवायचं, ही कामं माझ्याकडे होती. दोन दिवे आणि एक पंखा, एवढंच ओझं पेलणारं ते जुनं कनेक्शन. गिऱ्हाइकं यायची, भिंतीवर टिचक्या मारायची, मोरीत डोकावायची आणि कळवतो म्हणून जायची.

"घर कसं हाय?" अक्कानं विचारलं.

"हाय तसंच. सैपाकघरावरचं एक कौल फुटलंय."

"दिग्या! फुटलं म्हंतोस? भरल्या घरात? वाढलं म्हण."

"घर भरलेलं कुठाय अक्का? रिकामं तर हाय."

बोललो आणि जीभ चावली.

कासाराच्या घरात काही फुटत नाही, विझत नाही, बंद होत नाही. बांगडी वाढते, दुकान वाढवतात, निजताना दिवा वाढवतात. दिवसभर काचेशी व्यवहार, आणि काच फुटली हा शब्द सवाष्णीपुढं उच्चारायचा नाही, म्हणून आमच्या वाडवडिलांनी ही उलटी भाषा लावून घेतली. बाकीच्या लोकांतही बांगडी वाढते, पण आमच्या अक्कानं ते पार कपबशीपर्यंत नेलं होतं. तिच्या घरात फुगासुद्धा वाढायचा.

"दिगू," ती म्हणाली, "घर जायच्या आधी एकदा तिथं यायचंय मला."

"ये की."

"यायचं म्हंजे राहायला. आता किती दिस राहिलेत? तेवढं तिथं काढीन म्हंते. ह्या चौथ्या मजल्यावरनं मला खाली नेताना त्या लिप्टात उभी करून नेतील रे. मी बघितलंय, शेजारच्या म्हातारीला तसंच नेलं. बांधून. उभी."

"काय बी बोलू नगं."

"खरं सांगते. आपल्या घरातनं आडवी गेले म्हंजे झालं. दुसरं काय मागत न्हाय मी."

"वसंताला बोललीस का?"

"न्हाय. आन् तू बी बोलायचं न्हाय. पोरगं आधीच बुडालंय. मी तोंडातनं काढलं की त्यो घर विकायचं थांबवंल, आन् मग औशिदाला कुठनं आणंल? माझी आण हाय तुला, दिगू."

आण घालून तिनं फोन ठेवला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तिचा स्वतःहून फोन आला. एरवी मीच करायचो. जैनबभाभी, अक्काची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, ओट्यावर मटार सोलत बसली होती. तिलाही अक्काशी बोलायचं होतं, म्हणून ती हात पुसत माझ्याजवळ आली. पण अक्काचा आवाज ऐकला आणि मी तिला हातानंच थांब म्हटलं.

"दिगू, वसंताचा निरोप हाय."

"काय?"

"आत्ता कामाला जाताना सांगून गेला. म्हणला, मामाला म्हणावं, त्या घरची लाईट वाढवून घ्या. ह्या आठवड्यातच घ्या म्हणला."

मी ओट्यावरून उठलो. "वाढवून घ्या म्हणला?"

"असंच म्हणला."

"गिऱ्हाईक ठरलं म्हंजे."

"ठरलंच असंल. मला कशाला सांगंल? सांगून मी काय करणार हाय?"

"मी विचारतो त्याला. अक्का, मी विचारतो. पंधरा दिस थांब म्हंतो, तेवढ्यात तुला..."

"आण घातलीय ती इसरलास? घर त्याचं हाय. त्यो वाढव म्हणला, तू वाढव." खोकल्याची एक मोठी उबळ आली. ती ओसरल्यावर तिचा आवाज अगदी लहान झाला. "उद्या जा. आज संध्याकाळी एकदा दोन्ही दिवं लाव. देवाच्या कोनाड्यावरचा लाव, आन् पडवीतला लाव. जरा येळ बस. मग वाढव."

"बरं."

"जैनबला म्हणावं, तुझ्या भिंतीला आता सोबत न्हाय."

तो निरोप मी जैनबभाभीला दिला नाही. हात पुसता पुसता थांबून ती माझ्या तोंडाकडं बघत होती. "क्या हुआ भाईजान? आपा बरी आहे ना?" मी मान हलवली. संध्याकाळी दोन्ही दिवे लावले आणि सांगितल्याप्रमाणे बसून राहिलो. पडवीतल्या दिव्याभोवती एक पाकोळी फिरत होती. रिकाम्या घरात दिवा लागला की भिंती फार जवळ येतात, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी लाईटच्या हापिसात गेलो. घर विकलं की लागेल म्हणून वसंतानं आधीच एका कोऱ्या अर्जावर सही करून तो माझ्याकडे ठेवला होता. खिडकीतला कारकून जावयाच्या वयाचा, हसऱ्या तोंडाचा होता.

"बोला आजोबा."

"लाईट वाढवायचीय."

"वाढवू की. किती वाढवायची?"

"किती म्हंजे? सगळी."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "सगळी वाढवायची? गिरणी टाकताय का काय?"

मागं रांगेतली दोन माणसं हसली. मग माझ्या ध्यानात आलं, की ह्याला आमची भाषा ठाऊक असायचं कारण नाही.

"तसं न्हवं साहेब. आमच्यात बंद म्हणत न्हाईत. मीटर काढून न्यायचं, असं म्हणायचंय मला."

"मग बंद करायचंय म्हणा की सरळ! मी आपला लोडचा अर्ज काढत होतो. कायमचं बंद?"

"कायमचं."

"घर विकलं?"

"विकतोय भाचा."

"लिहिता येतं का? हितं लिहा, कायमस्वरूपी बंद करणे."

मी काउंटरवर वाकून लिहिलं. जोडाक्षरं मला जड जातात. 'स्व' पुन्हा लिहावा लागला. कारकुनानं घाई केली नाही. चांगला माणूस होता.

तिसऱ्या दिवशी वायरमन आला. खांबावरून तार सोडली, मीटर उतरवलं, पिशवीत घातलं. भिंतीवर जिथं मीटर होतं तिथं चुन्याचा जुना निळा रंग दिसायला लागला. दाजींनी घर बांधलं तेव्हाचा. मी अक्काला फोन लावला.

"वाढवली," मी म्हणालो.

"बरं झालं."

"जेवलीस का?"

"आता बिल न्हाय यायचं तिथलं?"

"न्हाय. शेवटचं एक आलं, ते भरलं."

"त्याच्यावर नाव होतं?"

"होतं."

"वाचू नगं," ती म्हणाली, आणि फोन आपल्या सुनेच्या हातात दिला.

त्यानंतर अक्का फोनवर आली नाही. मी लावला की सून, शालन, उचलायची आणि म्हणायची, "मामा, आई झोपल्यात." कधी म्हणायची, "आई भिंतीकडं तोंड करून पडल्यात. नको म्हणतात." एकदा ती हळू आवाजात म्हणाली, "मामा, दोन घास खात होत्या तेही सोडलं. काय मनात घेतलंय कळत नाही. तुम्हाला काही बोलल्या का?" मला आण होती. मी म्हणालो, "म्हातारपण हाय. दुसरं काय असणार?"

माघ लागला. एका सकाळी वसंताचा फोन आला. गडबडीत होता, मागं कंपनीचा भोंगा वाजत होता.

"मामा, लाईटचं काम झालं ना?"

"झालं. तू म्हणालास त्याच आठवड्यात झालं."

"कागदपत्रांचं काही अडलं नाही?"

"अडतंय कशाला? तुझी सही होती."

"मोठं काम झालं बघा. माझ्या जिवाला तोच घोर होता. मामा, रविवारी येतोय मी. घर झाडून ठेवाल का? पाण्याचा एक हंडा भरून ठेवा. आणि आईचा फोन आला तर मी येतोय हे बोलू नका."

"बरं," मी म्हणालो. खरेदीखत असणार, अजून काय? आईला चोरून घर विकायला येतोय, असं माझ्या मनात आलं. आणि आलं तेही रागानं आलं. पोरगा रात्रपाळ्या करून आईला जगवत होता, तरीही आलं.

रविवारी सकाळीच घर झाडलं, शेणसडा टाकला, हंडा भरला. दुपारी बोळाच्या तोंडाशी एक पांढरी गाडी थांबली. जैनबभाभी ओट्यावरून ओरडली, "भाईजान, देखो तो!" मी बाहेर आलो. वसंता आणि ड्रायव्हर गाडीतून एक खुर्ची उतरवत होते. खुर्चीत अक्का होती.

वाळून काडी झाली होती. नाकात नळी, नळी मांडीवरच्या लहानशा सिलेंडरला लावलेली. पण डोळे! बोळ बघत होती, गटारावरची फरशी बघत होती, जैनबच्या दारातली कोंबडी बघत होती. मला बघून तिनं हात वर केला.

"दिग्या, तोंड मीट. माशी जाईल."

"अक्का, तू..."

"मला बी आज सकाळीच कळलं. म्हणला, आई, चल. म्हणलं, कुठं? म्हणला, तुझ्या घरी." ती हसत होती आणि दम लागत होता, दोन्ही एकदमच. "राहायला आणलंय मला. राहायला!"

वसंतानं खुर्ची उंबऱ्यावरून आत घेतली. जैनबभाभीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. अक्काला तिच्या जुन्या बाजेवर बसवलं. तिनं बाजेच्या विणलेल्या दोरीवरून हात फिरवला, भिंतीवरून फिरवला, देवाच्या कोनाड्याकडं बघून हात जोडले. वसंता परत गाडीकडं गेला आणि मशीन घेऊन आला. पेटीएवढं, चाकांवरचं. त्यानं ते बाजेशी लावलं, वायर सोडली, बटणाच्या फळीवर खोचली आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. त्यानं पुन्हा दाबलं. मग दिव्याचं दाबलं.

"लाईट गेलीय वाटतं गावची."

"न्हाय," जैनबभाभी म्हणाली, "हमारे घर में तो आहे."

"मामा, मेन स्विच कुठाय?"

मी त्याच्याकडं बघत राहिलो. "मेन स्विच कशाला? लाईट वाढवली की रे."

"हो, वाढवलीत ना. मग चालू कुठून करायची?"

"चालू कशी होईल वाढवल्यावर? मीटर काढून नेलं त्यांनी."

त्यानं भिंतीकडं बघितलं. निळा चौकोन आणि वर लोंबणारी दोन तारांची टोकं. तो जवळ जाऊन त्या जागेला हात लावून आला. वेड्याला बघावं तसं त्यानं मला बघितलं.

"मीटर काढून? मामा, मी वाढवायला सांगितलं होतं. लोड. हे मशीन जुन्या कनेक्शनवर चालणार नाही, असं दुकानदार म्हणाला, म्हणून जास्तीचा लोड घ्या म्हणालो. इथं आणू द्यायचं की नाही हे डॉक्टरांचं नक्की होत नव्हतं, आईला उगाच आशा नको, म्हणून तिला कारण सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, लाईट वाढवून..."

तो थांबला. अक्काच्या मांडीवरच्या सिलेंडरचा तेवढा सूं सूं आवाज येत होता.

पहिल्यांदा कळलं ते अक्काला.

"दिगू," ती म्हणाली, "त्याच्या भाषेत वाढवणं म्हंजे वाढवणंच व्हय रे."

वसंता मटकन खाली बसला. "आई, बांगडीचं मला ठाऊक आहे. लाईटचं कसं येईल डोक्यात?"

"सोळाव्या वर्षी गेलास तू घरातनं. तुझ्या कानाला काय दोष?" तिनं हात पुढं करून त्याच्या केसांत घातला. "मी समजले, तू माझं घर वाढवायला निघालास. मनातनं लई बोलले रं तुला. भिंतीकडं तोंड करून नुसती बोलतच होते. आन् तू मला आणायला..." पुढचं दमानं तुटलं.

"मग तू विचारायचंस ना आई! एकदा विचारायचंस!"

"मी विचारायचं आन् तू सांगायचं," अक्का म्हणाली, "कुणीच न्हाय केलं."

वसंतानं सिलेंडरवरचा काटा बघितला. तो प्रवासापुरता होता. जैनबभाभीच्या पोरानं खिडकीतून वायर टाकली. मशीन लागलं, घरघरलं, त्यावरचा हिरवा दिवा लागला. अक्कानं डोळे मिटून घेतले. मग पलीकडं ठप्प असा आवाज झाला आणि मशीन थांबलं. त्यांचंही कनेक्शन आमच्यासारखंच जुनं. फ्यूज बांधला, पुन्हा लावलं, पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा उडाला तेव्हा जळक्याचा वास आला आणि भाभीच्या घरचा पंखाही थांबला. रविवार होता, हापिसाला कुलूप. मी वायरमनच्या घरी जाऊन आलो, तो लग्नाला परगावी गेला होता.

परत आलो तर वसंता बाजेपुढं उभा होता.

"मामाच्या घरी चल आई. तिथं लाईट चांगली आहे. दोन-चार दिवसांत हितली करून घेऊ, मग परत आणतो."

"न्हाय."

"आई, सिलेंडर संपत आलाय."

"संपू दे की. मला न्हाय आता कुठं जायचं. तू आणलंस, मी आले. झालं." तिनं माझ्याकडं बघितलं. "दिगू, तू सांग त्याला. तुला ठाव हाय मी काय मागितलंय."

मी सांगितलं. "राहू दे तिला, वसंता. तिला हितंच राहायचंय."

तो माझ्यावर ओरडला नाही. तसा तो कधीच ओरडत नसे. "मामा," तो म्हणाला, "तुम्ही नळीशिवाय तिला बघितलं नाही अजून. मी बघितलंय. दोनदा. पाण्यातून काढलेल्या माशासारखी होते. तुम्ही शेजारी बसून बघाल? सांगा. बघाल म्हणा, म्हणजे मी हा चाललो बाहेर."

मला बघीन म्हणवलं नाही.

त्यानं तिला उचललं. खुर्चीही घेतली नाही, लेकरासारखी छातीशी धरून उचलली. ती काही ओरडली नाही, रडली नाही. दारातून बाहेर पडताना तिनं फक्त हात लांब करून चौकट धरली. बांगड्या भरून भरून त्या बोटांना पकड होती, ती त्या वाळल्या हातातही राहिली होती. वसंता थांबला. "आई, सोड." ती सोडेना. त्याचे दोन्ही हात तिच्याखाली गुंतलेले होते. तो मला म्हणाला, "मामा..."

मी तिची बोटं सोडवली. एकेक करून. शेवटचं बोट तिनं आपण होऊन सोडलं आणि बांगडी भरताना पोरींना विचारायची तसं मला म्हणाली, "दुखतंय का रे तुझं मनगट? हळू."

माझ्या घरी मधल्या खोलीत तिची बाज टाकली. मशीन लावलं, ते व्यवस्थित चाललं. पलीकडच्या खोलीत जुळे रडायचे. आमच्या सुनेनं एकाला आणून तिच्या कुशीशी ठेवलं, तिनं त्याच्या मनगटाला अंगठा आणि बोट लावून माप घेतलं. सवयीनं. मग म्हणाली, "न्या. त्याला माझा वारा नगं."

सोमवारी सकाळी मी हापिसाच्या दारात, ते उघडायच्या आधीपासून उभा होतो. तोच कारकून होता. त्यानं मला ओळखलं.

"आजोबा, आता काय वाढवायचं?" तो हसून म्हणाला. माझं तोंड बघून त्याचं हसू गेलं. सगळं सांगितल्यावर त्यानं खुर्ची पुढं ओढली. "कायमचं बंद केलेलं जोडता येत नाही हो. नवीन घ्यावं लागतं. तपासणी, खांब, मीटर. मी धावपळ करतो, पण दिवस लागतील."

"किती?"

त्यानं मान खाली घातली. "करतो मी," एवढंच म्हणाला. त्यानं केलंही खरं. एका दिवसात कागद पुढं गेला. पण मीटर शिल्लक नव्हतं.

घरी आलो तर वसंता बाजेशी बसला होता आणि अक्का वर आढ्याकडं बघत पडली होती. मी वाकून म्हणालो, "अक्का, अर्ज दिलाय. आता होईल."

"नाव कुणाचं लिहिलंस?"

"वसंताचं. नवीन मीटर त्याच्याच नावानं मिळतंय."

"बरोबर हाय," ती म्हणाली. "जित्या माणसाचंच लिहायचं असतं."

मंगळवारी दिवसभर ती कुणाशी बोलली नाही. संध्याकाळी वसंतानं विचारलं, "आई, काही हवंय का?" तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. रात्री आम्ही दोघं आळीपाळीनं जागलो. पहाटे माझा डोळा लागला होता. उजाडलं तेव्हा मशीन चालू होतं, हिरवा दिवा लागलेला होता, आणि नळी उशीवर पडलेली होती. ती निसटली का तिनं काढली, हे वसंतानं मला विचारलं नाही आणि मी त्याला विचारलं नाही.

तिरडी भगवंताच्या देवळामागच्या बोळातून न्यायची, तिच्या दारापुढं क्षणभर टेकवायची, असं मी म्हणालो. भटजी म्हणाले, "ज्या घरातून निघाली तिथून सरळ मसणवट्याकडे जायचं, मधे थांबायचं नसतं." आम्ही सरळ गेलो.

माझी थोरली बहीण सुंद्राबाई भानुदास कासार त्या वर्षी माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, माझ्या घरी वारली.